गच्चीच्या कुलपाची चावी कुणाकडं आहे?

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात मी बोलायला उठलो. म्हणलं, आमच्या बिल्डिंगच्या पंपाबद्दल बोलायचंय, जिन्याबद्दल बोलायचंय. तर एक मित्र हसला. शिकलेला आहे, मनानं चांगला आहे, माझ्यापेक्षा शंभर पुस्तकं जास्त वाचलेला आहे. म्हणाला, "अरे, पंपाचं-बिंपाचं काय घेऊन बसलास? ते सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम. आपण इथं जातिअंताचं बोलतोय." सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. रात्रपाळीला गेलो आणि मशिनीपुढं उभा राहून रात्रभर त्या हसण्याचा राग येत राहिला. जास्त राग माझ्याच हसण्याचा. त्या रागातनं हे लिहितोय. वाचून पुन्हा हसायचं असेल तर हसा.

मी कविता लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी पहिली वही परवा काढली आणि तिच्यात 'आग' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजलं. चौतीस कविता, एकोणतीस वेळा आग. काळजात आग, डोळ्यांत आग, मुठीत आग, वस्तीत आग, आईच्या पदरात आग. वणवा, निखारे, मशाल ते वेगळंच. आपल्या सगळ्यांच्या वह्या तशाच आहेत. मोजून बघा. तेव्हा मी आग बघितलेली नव्हती. बघितली त्यानंतर एकाही कवितेत तो शब्द मला लिहिता आलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमची बिल्डिंग सात मजल्यांची, पुनर्वसनाची. म्हणजे आमच्या झोपड्या पाडून बिल्डरनं एका कोपऱ्यात आम्हाला उभं केलं आणि उरलेल्या ऐसपैस जागेवर स्वतःचा विक्रीचा टॉवर उभा केला. मध्ये भिंत, भिंतीवर काचा रोवलेल्या. मी दुसऱ्या पाळीवरनं येऊन नुकता आडवा झालो होतो. रात्री दोनच्या सुमाराला खाली मीटररूम पेटली. मीटररूम कुठं? जिन्याखाली. चढायला एकच जिना, उतरायला तोच जिना, आणि त्याच्याच पोटात चौऱ्याऐंशी खोल्यांचे मीटर. ज्यानं हा नकाशा काढला तो शिकलेला होता. ज्यानं त्याच्यावर सही केली तोही शिकलेला होता.

मला ज्वाळा दिसलीच नाही. आजही कुणी विचारलं तर सांगतो, मी ज्वाळा बघितली नाही. मी धूर बघितला. वायरीचं प्लॅस्टिक जळतं तेव्हा जो काळा, चिकट, गोडसर वासाचा धूर निघतो, तो. दार उघडलं आणि समोर भिंत असावी तसा तो उभा होता. मोबाईलची बॅटरी लावली तर हातभर पलीकडं उजेड जाईना. तीन मजले खाली आग, आणि चौथ्या मजल्यावर श्वास बंद. कारण सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही: आमच्याकडं वायरी वर न्यायला एक उभी पोकळी ठेवलीय, तळापासनं गच्चीपर्यंत सरळ. प्रत्येक मजल्यावर ती स्लॅबपाशी बंद करायची असते, आग न धरणाऱ्या मसाल्यानं बुजवायची असते. बुजवलेलीच नाही. मग ती पोकळी राहत नाही, गिरणीचं धुराडं होते. खाली पेटवा, वर धूर. माझा आजा ज्या गिरणीत होता तिचं धुराडं निदान आभाळात उघडायचं. आमचं धुराडं आमच्या दाराशी उघडतं.

माणसं वर पळाली. खाली धूर म्हणल्यावर माणूस वरच पळणार. गच्चीच्या दाराला कुलूप. चावी सेक्रेटरीकडं, सेक्रेटरी गावाला जत्रेला. दार तोडलं तेव्हा पंधरा-वीस मिनिटं होऊन गेली होती. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर आक्का सापडली. सगळी बिल्डिंग तिला आक्काच म्हणायची. अंगावर एक फोड नाही. नाकाखाली दोन काळ्या रेघा, बस. बाहत्तरच्या दुष्काळात ती मराठवाड्यातनं या शहरात आली, फुटपाथवर राहिली, नाल्याकाठी राहिली, तीनदा तिची झोपडी पालिकेनं पाडली, तिन्ही वेळा तिनं ती पुन्हा उभी केली. पावसानं मेली नाही, पुरानं मेली नाही. पक्क्या घरात मेली.

आता माझं सांगतो. गच्चीला कुलूप लावायचा ठराव सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाला. पोरं वर जाऊन दारू पितात म्हणून. त्या ठरावाला मी हात वर केला होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर माझ्या मेलेल्या बापाची सायकल आणि पाण्याचे दोन निळे ड्रम मी ठेवलेले होते. अंधारात त्या सायकलीत पाय अडकून तिसऱ्या मजल्यावरच्या पोराचा हात मोडला. ते पोरगं मला अजून दादा म्हणतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी बिल्डरला आणि अधिकाऱ्याला शिव्या घालीन तेव्हा कुणी असं म्हणायला नको, की याचे हात फार स्वच्छ आहेत.

पंप होता. लाल रंगाचा, झकास. बिल्डिंग ताब्यात देताना एकदा चालवून दाखवला असेल, नंतर त्याचा चट्टा निघाला तो गंजाचाच. प्रत्येक मजल्यावर लाल पेटी होती, पेटीत पाईप नाही. पितळी नोझल तर पहिल्याच वर्षी भंगारात गेलेलं. बंबवाले आले, त्यांचा दोष काढणार नाही, जिवावर उदार होऊन आत शिरले. पण मोठी गाडी गल्लीत वळेना, कारण वळायच्या जागेवर टॉवरवाल्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या.

पंचनामा झाला. कारण: शॉर्टसर्किट.

दोस्तांनो, या शब्दाशी माझं भांडण आहे. पूर्वी आपल्या आज्या-पणज्यांना सांगायचे, तुमचं कर्म. गेल्या जन्मीचं. म्हणजे गुन्हेगार कोण ते विचारायचंच नाही. आता कर्माला शॉर्टसर्किट म्हणतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात विभागात आग लागली, दहा बाळं गेली. अजून नावंही ठेवलेली नव्हती. तेव्हाही पहिल्या दिवसापासनं कानावर शब्द कुठला आला? शॉर्टसर्किट. वायर आपणहून पेटत नाही. पेलवत नाही एवढा भार तिच्यावर टाकतात तेव्हा पेटते. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार ठोकली की वायर तापते तरी फ्यूज उडत नाही, तेव्हा पेटते. सांधा ढिला सोडला की ठिणगी पडते. या प्रत्येक गोष्टीला एक माणूस असतो: बसवणारा, बघणारा, न बघता सही करणारा. 'शॉर्टसर्किट' म्हणलं की ते तिघंही सुटले.

माझ्या गिरणीत बघा. धागा काढणारी लहानशी गिरणी आहे, ठाण्याच्या पलीकडं. ब्लोरूममध्ये कापूस पिंजतात, तिथं गाठीतनं एखादा खिळा, तारेचा तुकडा आत गेला आणि बीटरला आपटला की ठिणगी, आणि कापसाच्या भुऱ्यात ठिणगी म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत धूर. म्हणून वाटेत लोहचुंबक बसवलेले आहेत. दर पाळीला भुरा झाडायचा. दाराशी लाल बादल्या, वाळूच्या. आता हे माझ्या जिवासाठी केलंय असं मला वाटत नाही. कापूस महाग आहे. विमा कंपनीचा माणूस येतो, तो बादल्या मोजतो. कापसाच्या गाठीला विमा आहे म्हणून कापसाची गाठ वाचते. आक्काचा विमा नव्हता.

बाबासाहेबांनी 'मूकनायक'चा पहिला अंक काढला ३१ जानेवारी १९२० ला. त्यात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्मायचं त्याच मजल्यावर मरायचं. आपण हे शंभर भाषणांत ऐकलंय, शंभर भाषणांत सांगितलंय. मी आपला गिरणीतला माणूस, मला एवढंच विचारायचंय की तुम्ही राहता त्या मनोऱ्याला जिना आहे का? किती रुंद? त्यात काय ठेवलंय? उपमेचा अर्थ आपण पाठ केला आणि उपमेतच राहायला गेलो.

आता तुम्ही म्हणाल, जिन्यात सामान ठेवलं तुम्हीच, नोझल विकलं तुमच्याच पोरांनी. भिंतीपलीकडचे लोकही हेच म्हणतात. झोपडपट्टीवाल्यांना राहायची अक्कल नाही, यांना कितीही द्या हे उकिरडाच करणार. पेपरवालेही सभ्य शब्दांत हेच लिहितात. गोरेगावला ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तीनच्या सुमाराला पुनर्वसनाची एक इमारत पेटली. किमान सात माणसं मेली, चाळीसहून जास्त जखमी. खाली पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते, चिंध्या होत्या, त्या पेटल्या, गाड्या पेटल्या, धूर वर गेला. लगेच सगळीकडं: चिंध्या, चिंध्या. अरे, जुने कपडे हा त्या माणसांचा धंदा. त्यावर त्यांची चूल. झोपडीत होते तेव्हा घरापुढं अंगण होतं, माळा होता, तिथं गठ्ठे राहायचे. तुम्ही त्यांना सव्वादोनशे चौरस फुटांची पेटी दिलीत. पुढं ती २६९ झाली, मग ३०० झाली. धंद्याचं काय करायचं हे नकाशा काढताना कुणी विचारलं? नकाशात झोपायची जागा आहे, शिजवायची आहे, हगायची आहे, कमवायची नाही. ज्याला घरात बसून पापड लाटायचेत, शिलाई मारायचीय, भंगार निवडायचंय, त्याचं सामान जिन्यात येणारच. ते धोकादायक आहे का? आहे. माझी सायकल धोकादायक होती. पण ती जिन्यात का आली हे न विचारता नुसती माझी अक्कल काढायची, हे जुनंच आहे. गावकुसाबाहेर पाणी द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, हे लोक आंघोळ करत नाहीत.

आणि देखभालीचा हिशेब. इमारत ताब्यात दिल्यावर बिल्डर मोकळा. देखभालीसाठी त्यानं दर खोलीमागं ठेव भरायची असते. पूर्वी वीस हजार होती, नंतर चाळीस हजार झाली. वीस हजारावर सहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला शंभर रुपये पडतात. शंभर रुपयांत लिफ्ट, शंभर रुपयांत पंप, शंभर रुपयांत गच्चीची टाकी, जिन्यातला बल्ब, वॉचमन. हा हिशेब मी पाचवीतल्या पोरीला घातला, ती म्हणाली, दादा, गणित चुकलंय.

अंतराचं बघा. गोवंडी-मानखुर्दकडं नटवर पारेख कंपाऊंडमध्ये इमारती एकमेकींपासनं तीन मीटरवर उभ्या आहेत. खिडकीतनं हात काढला तर समोरच्याच्या भांड्याला लागेल. २०१८ साली तिथल्या, लल्लुभाई कंपाऊंडच्या आणि पीएमजीपीच्या घरांचा डॉक्टरांनी अभ्यास केला, तर ऊन-वारा न पोचणं आणि क्षयरोग यांचा संबंध दिसला. ज्या फटीतनं ऊन शिरत नाही तिच्यातनं बंब शिरणार आहे का? फुफ्फुसाला दोन वाटांनी मारतात. एक हळू, एक झटपट.

मेलेल्यांतही मजले आहेत, तेही बघून घ्या. डिसेंबर २०१७. अठरा तारखेला पहाटे साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणाच्या एका कारखान्यात आग लागली. कामगार वर माळ्यावर झोपलेले. खाली कढया, तेल, गॅस. बारा जण गेले. घर परवडत नाही म्हणून जिथं राबायचं तिथंच झोपायचं, तसे झोपलेले. दोन-तीन दिवस बातमी चालली. अकराच दिवसांनी, २९ तारखेला मध्यरात्रीनंतर, लोअर परळला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. चौदा जण गेले. वाढदिवसाला आलेली तरुण पोरं-पोरी. बाहेर पडायची वाट सापडली नाही, कितीतरी जण संडास-बाथरूममध्ये शिरले आणि धुरानं गुदमरले. त्यांच्यासाठी मला तितकंच वाईट वाटतं. धूर जात बघत नाही, आणि त्या पोरींच्या नाकाखालीही त्याच दोन काळ्या रेघा असणार. पण दुसऱ्याच दिवसापासनं पालिकेचे हातोडे शहरभर हॉटेलांवर पडायला लागले, चौकशा बसल्या, दिल्लीपर्यंत आवाज गेला. बारा फरसाणवाल्यांनी हातोडा हलला नव्हता. बारा आणि चौदा यांत फरक दोनाचाच आहे ना?

आणि ती जागा कसली? गिरणीची. १८ जानेवारी १९८२ ला जो संप सुरू झाला त्यात अडीच लाख गिरणीवाले होते, माझा आजा त्यांतला एक. संपानं तो बाहेर पडला तो कायमचा. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात फिरवाफिरव केली, म्हणाले, नुसत्या रिकाम्या जमिनीचेच वाटे. मग घरांच्या वाट्याला काय येणार? चिंचोके. आजा कायम सांगायचा, की त्याच्याही आधी, १९२८ च्या संपात, बाबासाहेबांनी विचारलं होतं, आमच्या माणसाला साचेखात्यात का घेत नाही? कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आमचं उष्टं चालायचं नाही. जिथं पगार जास्त तिथं विटाळ जास्त. म्हणजे बाबासाहेबांना खातं माहीत होतं, धोटा माहीत होता, धागा कसा ओढतात ते माहीत होतं. माझ्या हसणाऱ्या मित्रा, त्यांनी 'धोट्याचं-बिट्याचं काय घेऊन बसलात' असं म्हणलं नाही.

आता बांधकामाचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या बापाचं शिक्षण आहे. बाप सेंट्रिंगवर होता. फळ्या ठोकायचा, सळई बांधायचा. तो कुठल्याही नव्या इमारतीपुढनं जाताना थांबायचा आणि नुसता बघायचा. मी विचारायचो, काय बघतोस? म्हणायचा, पाणी किती घातलंय ते बघतोय. सिमेंटच्या कालव्यात पाणी जास्त घातलं की माल पातळ होतो, सरसर वाहतो, बिगाऱ्यांना सोपं, मुकादमाला घाई उरकता येते. पण ते जादा पाणी पुढं वाळतं आणि त्याच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात. माल वाळल्यावर वरनं कळत नाही. गिलावा केला, रंग मारला, राजवाडा. आत चाळणी. मग समुद्राची खारी हवा, खाडीची खारी रेती, सळईला गंज. आणि लोखंड गंजलं की फुगतं, दोन-तीनपट जागा मागतं, आणि जागा मिळत नाही म्हणून आतनं काँक्रीट फोडतं. तुमच्या स्लॅबचे पोपडे पडतात ना, जेवताना ताटात खडी पडते ना, ते त्याचं. मग कंत्राटदार येतो आणि वरनं पुन्हा गिलावा थापतो. गळवावर पावडर लावल्यासारखं.

सळई आणि बाहेरची हवा यांच्यात काँक्रीटची जाडी हवी. खांबाला किमान ४० मिलिमीटर. त्यासाठी खाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवायचे असतात. बाप सांगायचा, ठोकळे संपले की विटेचा तुकडा ठेवतात, तुकडा संपला की काहीच ठेवत नाहीत. आणि स्लॅब टाकल्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं, ओलं ठेवायचं. टँकर परवडत नाही म्हणून दोन दिवसांत बंद. बाप म्हणायचा, बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी कामाला लावल्यावर जे होतं तेच स्लॅबचं होतं. हे त्याला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. आणि मी विचारायचो, मग तू का बोलत नव्हतास? तो गप्प बसायचा. रोजावरचा माणूस. बोलला तर उद्या बोलवणार नाहीत. आमची इमारत आमच्याच माणसांनी बांधली, चाळणी होतेय हे बघत बांधली. जात हे असं काम करते. हाताला सगळं ठाऊक, आणि तोंडाला परवानगी नाही.

मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली. बेकायदेशीर, काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवलेली, वर काम चालू आणि खाली बिऱ्हाडं. ७४ माणसं गेली, कितीतरी लेकरं. काम करणारे मजूर आणि त्यांची बायकापोरं त्यातच. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला पहाटे माझगावला बाबू गेनूच्या नावाची इमारत पडली. ती तर खुद्द मुंबई महापालिकेची. पालिकेच्या कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स. जेमतेम तेहतीस वर्षांची. ६१ माणसं गेली. तळमजल्यावर गोदाम होतं, तिथं फेरफार केल्याचं नंतर बाहेर आलं. बाबू गेनू कोण? गिरणी कामगार. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झालेला. एका गिरणीवाल्याच्या नावाची पाटी आणि तिच्याखाली पालिकेचेच नोकर गाडलेले. मालक पालिका, बांधणारी पालिका, नोटीस देणारी पालिका. चिट्ठीही तिचीच, पत्ताही तिचाच. आणि भिवंडीला २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे पटेल कंपाऊंडमधली इमारत पडली, चाळीसच्या आसपास गेले. लूमवर राबणाऱ्यांची वस्ती. त्या काळात तिकडच्या माझ्या ओळखीतला एक कारागीर दोन महिने उघड्यावर झोपायचा. म्हणायचा, छत नको.

धोकादायक इमारतीची नोटीस कशी असते ठाऊक आहे? "इमारत खाली करा, न केल्यास होणाऱ्या जीवितहानीस आपण जबाबदार राहाल." कुठं जायचं ते लिहिलेलं नसतं. म्हणून लोक पडत्या भिंतीला टेकून बसून राहतात. कारण एकदा बाहेर पडलं की हक्क गेला, संक्रमण शिबिरात आयुष्य गेलं. अडाणी आहेत म्हणून बसत नाहीत. पक्का हिशेब करून बसतात.

मग काय करायचं? माझ्या मित्राचं म्हणणं, आधी व्यवस्था उलथू द्या. उलथू द्या की, मी आडवा येत नाही. पण आक्का तोवर थांबली नाही.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. बाबासाहेबांच्या पोरांनी कायद्याची भीती बाळगायची नसते, वाचायचा असतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या तासांपासनं विम्यापर्यंत त्यांनी कलमं लिहिली, बारीक अक्षरातली, कंटाळवाणी. या २००६ च्या कायद्यात म्हणलंय, आगीची साधनं चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. आणि वर्षातनं दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवाना असलेल्या एजन्सीकडनं ती चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. आता यात गोम काय ती बघा. टॉवरमधला भोगवटादार आणि आक्का एकाच ओळीत बसवलेत. त्याच्याकडं मॅनेजर आहे, आमच्याकडं शंभर रुपये. तरी हा कागद हातात धरून प्रश्न विचारता येतात. आमच्या बिल्डिंगचं प्रमाणपत्र कुणी दिलं? तो माणूस आला होता का? पंप चालवून बघितला का? मी मागितलं. मिळालं. त्यावर शिक्का आहे, सही आहे, पंप चालू असल्याचं लिहिलंय. तारीख आक्का मरायच्या तीन महिने आधीची.

आणि हे आमच्या एका बिल्डिंगचं नाही. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं गेली, ते रक्त आपण दर वर्षी आठवतो. त्याच वस्तीच्या पुनर्विकासाचं २०२४ मध्ये सुरू झालंय, हजारो घरं टॉवरमध्ये जाणार. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी, १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या, जिथं आपल्या चळवळीच्या दोन पिढ्या घडल्या, तिथं उंच उंच इमारती येताहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये वाटल्या. आनंद आहे, पाचशे फुटांचं घर आहे. मी तोंड वाकडं करत नाही. पण चाळीसाव्या मजल्यावर म्हातारी असेल, लिफ्ट बंद असेल, पंपाचं बिल थकलं असेल, तेव्हा काय, हे आता विचारायचं. सही करायच्या आधी. मीटररूम कुठं? जिने किती? वायरीच्या पोकळ्या बुजवल्या का? दहा वर्षांनी पंप कोण चालवणार आणि कुठल्या पैशांत? नकाशा मागा. इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नका, रेघांना भाषा नसते. क्यूबची तपासणी झाली का विचारा: प्रत्येक स्लॅबच्या मालाचे ठोकळे करून अठ्ठावीस दिवसांनी मशिनीत दाबून फोडतात, त्याचे कागद असतात. आणि आपल्यातले जे सेंट्रिंगवर, बिगारीवर आहेत त्यांना मीटिंगमध्ये पुढं बसवा. त्यांना ठाऊक आहे. माझ्या बापाला एकदाही कुणी विचारलं नाही. मीही नाही, तो जिवंत होता तोवर.

आपले पुढारी यात कुठं आहेत? बॅनरवर. आक्काच्या मातीला एक जण आला, पांढऱ्या गाडीतनं, बिल्डरनंच पाठवलेली गाडी. श्रद्धांजलीत म्हणाला, "आगीनं आपल्याला अनेकदा पोळलं, पण आपण त्यातनं तावून सुलाखून निघालो." मी तिथं होतो. वाटलं, याच्या तोंडावर ती सायकल मारावी.

आणि मित्रा, तुझ्यासाठी दोन गोष्टी. महाडला २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्याच्या पाण्यासाठी गेली, डोकी फोडून घेतली. आज आपल्या डोक्यावर, गच्चीवर, आग विझवायच्या पाण्याची टाकी आहे आणि ती भरलेली आहे का बघायला आपण जिना चढत नाही. दुसरी: त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. ती आग तुझ्या-माझ्या कवितेसारखी वाटेल तिथं लावलेली नव्हती. खड्डा खणला होता, चंदनाची लाकडं रचली होती. आगीला जागा नेमून दिली होती.

सायकल मी भंगारात दिली. ड्रम घरात घेतले, आता पाय पसरून झोपता येत नाही. गच्चीचं कुलूप काढलं, आतनं कडी घातली. पोरं अजून वर दारू पितात, त्यांच्याशी रोज भांडण. वायरीची पोकळी बुजवायला किती खर्च येतो ते विचारून आलोय; आकडा मोठा आहे, वर्गणीनं होणार नाही, त्यासाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसपुढं बसावं लागेल. पंप उघडलाय. आत चिमणीचं घरटं होतं.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या आणि शेजारच्या तीन बिल्डिंगींचे जिने मोजायचे आहेत, तळापासनं गच्चीपर्यंत. चार जण आहोत, दहा लागतील. वही आणा, बॅटरी आणा. मोजायची टेप माझ्याकडं आहे, बापाची.